जप्त केलेला मोबाइल बंद करायचा की चालू ठेवायचा?

जोडभावी_तपास: अँड्रॉइड १४चा हँडसेट, जप्तीच्या वेळी चालू पण लॉक. पुण्याच्या प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत आठवडा जाणार. 'स्विच ऑफ करून सीलबंद' हे पंचनाम्यातलं नेहमीचं वाक्य. ते बरोबर आहे का? आणि व्हॉट्सॲपचे डिलीट केलेले मेसेज यूएफईडीवर (फोनमधला डेटा काढायचं सेलेब्राइटचं टूल) निघतात का?

हेक्स_वाचक: ते वाक्यच घात करतं. सुरू झाल्यापासून एकदा तरी पिन टाकलेला फोन 'एएफयू' (आफ्टर फर्स्ट अनलॉक) अवस्थेत असतो, म्हणजे डेटा उघडणाऱ्या बऱ्याच किल्ल्या मेमरीत असतात. बंद केला की त्या गेल्या, फोन 'बीएफयू' (बिफोर फर्स्ट अनलॉक)! मग पिन मिळाल्याशिवाय फारसं काही हाती येत नाही.

एअरप्लेन मोड लावा; वाय-फाय, ब्लूटूथ वेगळं तपासा, ते चालू राहू शकतं. लॉक असताना पॅनेल उघडत नसेल तर थेट फॅराडे पिशवीत, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवीत. पॉवर बँकही पिशवीच्या आतच हवी, बाहेर आलेली केबल अँटेनाचं काम करते. पिशवीत फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधतो, तापतो, बॅटरी संपवतो. मे महिन्यात ४२ अंशांत जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. (सोलापुरी चादरीत गुंडाळून रेंज जात नाही, हेही सांगावं लागतं.)

जोडभावी_तपास: म्हणजे पॉवर बँकेवर आठवडा निघेल?

हेक्स_वाचक: नाही. आयओएस १८.१पासून ७२ तास लॉक राहिलेला आयफोन आपोआप रीस्टार्ट होतो. गूगलने २०२५ मध्ये प्ले सर्व्हिसेसमधून अँड्रॉइडलाही तीन दिवसांची तशी सोय दिली. जवळच्या सायबर लॅबमध्ये त्याआधी एक्स्ट्रॅक्शन (फोनमधला डेटा काढणं) करून घ्या. मॉडेल आणि सिक्युरिटी पॅचची तारीख आधी कळवा, टूल चालणार की नाही ते त्यावरच ठरतं.

डिलीट मेसेजसाठी लॉजिकल एक्स्ट्रॅक्शन (फोन स्वतःहून देतो तेवढाच डेटा) पुरत नाही, फुल फाइल सिस्टिम (आतल्या सगळ्या फाइल्स) लागते. तेव्हा 'एमएसजीस्टोअर.डीबी' ही व्हॉट्सॲपच्या मेसेजची डेटाबेस फाइल आणि तिची वॉल फाइल (ताजे बदल आधी जिथे लिहिले जातात ती) मिळते, पुसलेल्या ओळी तिथे सापडू शकतात. पण त्या जागेवर नवं लिहिलं गेलं की संपलं. समोरच्याचा फोन बघा, तिथे मेसेज शाबूत असतो बऱ्याचदा.

कलम_६३: हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) फोनमधून काढलेल्या फाइलचा लिहा, फोनचा नव्हे. चालू फोनमधून डेटा दोनदा काढला तर दोन हॅश येणारच, आणि बचाव पक्ष नेमकं तिथेच बोट ठेवतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४)च्या प्रमाणपत्रात पुरावा सादर करणाऱ्याचा भाग अ आणि तज्ज्ञाचा भाग ब, दोन्ही लागतात. जप्तीचं चित्रीकरण बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०५खाली; त्यात स्क्रीन, बॅटरीची टक्केवारी आणि घड्याळ स्पष्ट दिसू द्या.

जोडभावी_तपास: पंचनाम्यात मग 'चालू स्थितीत, फॅराडे पिशवीत, पॉवर बँकेसह, बॅटरी ६१ टक्के' असं चालेल?

कलम_६३: चालेल. वेळ, आयएमईआय आणि सील क्रमांक जोडा.