बाबांच्या अल्बममधलं रिकामं पान : जांबोरी, ग्रीस, १९६३

आंबेहळद

मंडळी, पोस्टाची तिकिटं जमवणारं कोणी इथे असेल तर मदत हवी आहे. मी स्वतः या विषयात ढ आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. माळा आवरताना त्यांचा शाळेतला अल्बम सापडला. अल्बम म्हणजे आपली लांबट हिशेबाची वही, वर ब्राऊन पेपरचं कव्हर. सगळी तिकिटं स्काउटच्या जांबोरींची, म्हणजे मेळाव्यांची. दर पानाला शाईने मथळा, गाव आणि साल, आणि खाली पेन्सिलीने पट्टी लावून आखलेले चौकोन. बाबा आयुष्यभर सगळं पट्टी लावूनच करायचे, किराणाची यादीसुद्धा.

पहिलं पान हंगेरी, १९३३. पाच चौकोन, तिकिटं दोनच, दोन्हींवर उडी मारणारं हरीण. मग हॉलंड १९३७. फ्रान्स १९४७ ला एकच चौकोन, तो भरलेला. पुढे ऑस्ट्रिया, कॅनडा. इंग्लंड १९५७ ची तिन्ही तिकिटं आहेत, एकावर राणी, स्काउटचं चिन्ह आणि दोरीची गाठ. सगळ्यात भरगच्च पान फिलिपिन्स १९५९ चं. त्यातल्या तिकिटांवर किंमत दोन आकड्यांत आहे, ६ + ४ अशी, मध्ये चक्क अधिकचं चिन्ह. हे काय प्रकरण?

आता मुख्य प्रश्न. शेवटच्या पानावर मथळा आहे : "११ वी, मॅरेथॉन, ग्रीस, १९६३". खाली सहा चौकोन नीट आखलेले आणि सहाही रिकामे. डिंकाचा डागसुद्धा नाही, म्हणजे लावून काढलेली नाहीत. पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरांत : "२८-७-६३. मढ." बस्स. त्यापुढची वही कोरी.

बाबा तेव्हा चौदा वर्षांचे, मालाडला राहायचे, शाळेच्या पथकात होते. पण ग्रीसच्या पानावर आमच्या मालाडजवळचं मढ कशाला? तिकिटं फार महाग होती म्हणून सोडून दिली असतील का? आईला काही माहीत नाही, तिला तर हा अल्बमच माहीत नव्हता.

---

रद्दीतलं_रत्न

ताई, वही जपून ठेवा. आणि कृपा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर परत टाकू नका, दमटपणाने तिकिटं चिकटतात.

जांबोरी म्हटलं की निम्म्या मुंबईला वरळीचं मैदान आठवतं. मूळ अर्थ स्काउटांचा मोठा मेळावा. पहिली जागतिक जांबोरी १९२० ची, लंडनच्या ऑलिम्पियात, छपराखाली. तिकिटांच्या बाबतीत मात्र आम्हा लोकांची सुरुवात तुमच्या बाबांसारखीच १९३३ पासून होते, हंगेरीतल्या गोडोलोपासून. ते साधं हरीण नाही. हंगेरियन लोकांची दंतकथा आहे : हुनोर आणि मागोर हे दोन भाऊ शिकारीला निघाले आणि एका जादूच्या हरणामागे धावता धावता नव्या मुलखात पोचले. त्यांचेच वंशज आपण, असं ते लोक मानतात. पांढरं हरीण हे त्या जांबोरीचं बोधचिन्ह होतं, पोरांच्या छातीवर बिल्ला तोच आणि पोस्टाच्या तिकिटावर चित्र तेच. स्काउट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल स्वतः तिथे हजर होते. पाचांपैकी दोन तिकिटं चौदा वर्षांच्या पोराने जमवली म्हणजे कमाल आहे. खाऊचे पैसे गेले असणार.

फ्रान्सचं १९४७ चं पाच फ्रँकचं तिकीट. गाव मोईसाँ, "शांततेची जांबोरी". महायुद्धात १९४१ ची झालीच नव्हती, त्यामुळे दहा वर्षांनी भरली. तारखा बघा : ९ ते २१ ऑगस्ट १९४७. हिंदुस्थानातून गेलेली मुलं एकत्र गेली आणि देश स्वतंत्र झाला तो दिवस त्यांनी फ्रान्समधल्या तंबूत काढला. मला विचाराल तर जांबोरीच्या सगळ्या तिकिटांत हे दिसायला सगळ्यात साधं, पण मी पहिलं तेच दाखवतो.

इंग्लंडची १९५७ ची : अडीच पेनी, चार पेनी, एक शिलिंग तीन पेनी. बेडन-पॉवेलच्या जन्माला शंभर वर्षं आणि चळवळीला पन्नास, असा दुहेरी मुहूर्त. गाठीचं तिकीट ते अडीच पेनीचं. (ही तिकिटं रोलमध्येही छापली होती, पहिल्या दिवसाच्या शिक्क्याची पाकिटं यंत्रावर भराभर व्हावीत म्हणून. असो, हा माझा आजार आहे.)

६ + ४ चं गणित सोपं. सहा सेंटाव्होंचं टपाल, वरचे चार जांबोरीच्या खर्चाला. पत्र टाकणाऱ्याकडूनच वर्गणी.

आता ग्रीस. महाग अजिबात नव्हती, आजही नाहीत. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. तो संच पाच तिकिटांचा आहे. बाबांनी चौकोन आखले सहा. बाकी पानांवर चौकोन आणि संचात निघालेली तिकिटं यांचा मेळ बसतो, म्हणजे ते माहिती काढून आखत. इथे नाही. माझा अंदाज, किती निघणार हे कळायच्या आधीच त्यांनी हे पान आखून ठेवलं होतं. तिकिटं निघाली तेव्हा त्यांना ती नकोशी झाली होती. मढचं कोडं मला सुटत नाही.

---

कांदाभजी

अल्बम विकायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. योग्य भाव देऊ.

---

आंबेहळद

नाही हो, विकायचा नाही.

---

मार्वे_रोड

आंबेहळद, मढचं मी सांगतो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, मालाडचाच.

२८ जुलै १९६३, रविवार. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरू पाहणारं इजिप्तचं कॉमेट विमान मढच्या समोर समुद्रात कोसळलं. हाँगकाँग, बँकॉक, मुंबई करत कैरोला चाललं होतं. हवा पावसाळी, वादळी. आत त्रेसष्ट माणसं होती, प्रवासी ५५ आणि कर्मचारी ८. एकही वाचलं नाही.

त्यात फिलिपिन्सच्या स्काउटांचं अख्खं पथक होतं, चोवीस जण, मुलं आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसं. चालले होते तुमच्या बाबांनी मथळा लिहिलाय तिथेच, मॅरेथॉनच्या जांबोरीला. चार वर्षांपूर्वी, ५९ साली, त्यांच्याच देशाने जांबोरी भरवली होती, आशियातली पहिली. बाबांचं भरगच्च पान तेच.

आम्हा पोरांना कॉमेट म्हणजे फार अप्रूप. जेट विमान! गच्चीवरून आवाज ओळखायच्या पैजा लागायच्या. त्या आठवड्यात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्हाला समुद्राकडे फिरकू द्यायची नाहीत, एवढंच मला नीट आठवतं. बाकी जे आठवतं ते खरं की नंतर ऐकलेलं, हे आता सांगता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

---

परातभर_पोहे

हे वाचून काटा आला. मी कामानिमित्त दोन वर्षं मनिलाला होतो. क्वेझॉन सिटीत आमच्या ऑफिसच्या आसपास रस्त्यांची नावं सगळी "स्काउट"ने सुरू. जेवण मागवताना पत्ता सांगायचा, स्काउट बोरोमेओ, अमक्याच्या समोर. मी आपला समजत होतो, आपल्याकडे "हुतात्मा अमुक मार्ग" असतो तसं लढाईतल्या कोणाचं असेल. एकदा इमारतीच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ही मुलं होती, सर. विमानात गेली." कुठे, विचारलं तर म्हणाला, "इंडिया."

मी इंडियाचा, आणि मला पत्ता नाही. टिमोग आणि टोमास मोराटो हे रस्ते मिळतात त्या गोल चौकात त्यांचं स्मारक आहे. मी रोज त्याला वळसा घालून जायचो.

---

रद्दीतलं_रत्न

मार्वे_रोड, चाळीस वर्षं ही तिकिटं हाताळतोय आणि मला हे माहीत नव्हतं. तिकिटांच्या यादीत फक्त "मॅरेथॉन, पाच तिकिटं" असतं.

---

आंबेहळद

सगळ्यांचे आभार. मला उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मध्ये आत्याकडे जाऊन आले. आत्या बाबांहून तीन वर्षांनी लहान. अल्बम पुढ्यात ठेवला तर पहिलं वाक्य, "अगं, ही माझ्या हिशेबाची वही, ढापली होती त्याने."

मग मढ दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते, मी मध्ये काही घातलेलं नाही.

"तो टोळीनायक होता. बातमी कळल्यावर टोळीतल्या पोरांना घेऊन सायकलींवर मार्व्याला गेला. मला डबलसीट नेलं नाही म्हणून मी रडले, ते आठवतं. गणवेश घालून गेले होते, स्कार्फ वगैरे. पाऊस मी म्हणत होता. किनाऱ्यावर रांगेत उभं राहून सॅल्यूट केला म्हणे, समुद्राला. कोणी सांगितलं नव्हतं. घरी आला तो नखशिखान्त भिजून. अण्णांनी असा बदडला! मेलेल्या पोरांवरून नाही हं, गणवेशावरून. एकच जोडी होती आणि सोमवारी शाळा. खाकी चड्डी चुलीवर धरून वाळवली आईने, तरी सकाळी ओलीच घालून गेला."

तिकिटांचं विचारलं तर म्हणाली, "ते नंतर बंदच झालं. एका पोराने ग्रीसची आणून दिली होती त्याला, फुकट. याने परत केली." का, ते तिला माहीत नाही, आणि तिने तेव्हा विचारलंही नाही. "मी अकरा वर्षांची, मला काय, वही परत मिळेल का एवढंच."

रत्नकाका, तुमचा सहा चौकोनांचा अंदाज मी आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोबर आहे, सुट्टीतच आखून बसला होता, माझी पट्टी घेऊन."

---

रद्दीतलं_रत्न

ताई, माझ्याकडे ग्रीसचे दोन संच आहेत, एक दुबार. पत्ता व्यनि करा, पाठवून देतो. लावायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

---

आंबेहळद

पत्ता पाठवला आहे. लावणार नाही, त्यांनी स्वतः परत केलेली आहेत. पाकिटातच राहू देईन, वहीच्या मागच्या कव्हरात.

आणि काका, पोस्टाचा खर्च किती येतो तेवढं नक्की कळवा. आत्याने बजावून सांगितलंय, तिला कोणाचं फुकट चालत नाही. वही तिची आहे ना.