गच्चीवरच्या खोलीचा लाईट (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सोनवणे (४०३): कॉमन मीटरचं बिल आलं. मागच्या महिन्यापेक्षा १,९४० रुपये जास्त. गच्चीवरच्या खोलीचा लाईट आणि पंखा रात्री तीन-तीन वाजेपर्यंत चालू असतो. मी स्वतः बघितलंय. सचिवांनी खुलासा करावा.

सचिव बोरसे (१०२): सर्व सभासदांना नमस्कार. ती खोली भूषणला अभ्यासासाठी द्यायचा ठराव झालेला आहे. बिलाचा विषय रविवारी मीटिंगला घेऊ.

सोनवणे (४०३): १,९४० रुपये जास्त. मीटिंगपर्यंत अजून वाढेल.

वाणी काका (२०४): भूषण म्हणजे आप्पांचा मोठा ना? तो तर पुण्यात कंपनीत होता. सुट्टीवर आलाय का?

चौधरी काकू (२०१): काका, सहा महिने झाले नोकरी सोडून. राज्यसेवेची तयारी करतोय. तुम्ही ग्रुप वाचत नाही वाटतं.

वाणी काका (२०४): अरे देवा. चांगला पगार सोडून? नोकरी सांभाळून नाही का होत अभ्यास? आमच्या काळात लोक ड्युटी करून परीक्षा द्यायचे.

सोनवणे (४०३): विषय नोकरीचा नाही, बिलाचा आहे. १,९४० रुपये.

पाटील आप्पा (३०२): नमस्कार. मुलाच्या लाईट-पंख्याचे जे काही होतील ते पैसे मी भरतो. सांगा फक्त.

महाजन सर (१०४): थांबा आप्पा. आधी हिशेब. ट्यूब २० वॅट, पंखा ७५. आठ तास चालले तर रात्रीला पाऊण युनिट, महिन्याला २३. दहा रुपये युनिट धरा, २३० रुपये झाले. बाकीचे १,७१० कुठून आले? पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते. ती रोज दीड तास जास्त चालली की महिन्याचे १,७०० सहज होतात. बोअरचं पाणी खाली गेलंय, आणि मोटर लावून लोक विसरतात. टाकी वाहून गच्चीवर तळं होतं, ते कोणाला दिसत नाही?

चौधरी काकू (२०१): सर, 'लोक' म्हणजे आम्हीच का? सरळ नाव घ्या. नळाला पाणी आलं नाही की मोटर कोण लावणार? सगळे खालून ओरडतात, वर कोणी जात नाही. त्या तळ्यात माझी अर्धी कुरडई भिजली.

जिभाऊ (३०४): कुरडईचं नुकसान सोसायटी फंडातून भरून द्या 😄

चौधरी काकू (२०१): जिभाऊ, तळून मागायला पहिले तुम्हीच येता.

सोनवणे (४०३): विषय भरकटवू नका. रात्री तीनपर्यंत लाईट. १,९४० रुपये.

आजी (१०१, नातू टाईप करतोय): आजी म्हणतेय, "पोऱ्याले अभ्यास करू द्या. दिवाना उजेडमा कोनं काय बिघडस?"

वाणी काका (२०४): आजी, बिघडत नाही, काळजी वाटते. भूषण २९ चा झाला. या परीक्षेला खुल्या गटात ३८ पर्यंत बसता येतं म्हणतात. म्हणजे अजून नऊ वर्षं गच्चीवर? पुण्यातून हात हलवत परत आलेली किती पोरं आपल्याकडे आहेत, कोणी मोजलं का?

जिभाऊ (३०४): काका, आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड बघा. झोपडीतून निघाले, डॉक्टर झाले, २०१३ ला आयएएस, मग नंदुरबारचे कलेक्टर.

वाणी काका (२०४): एक भारूड साहेब सगळ्यांना दिसतात. बाकीचे दिसत नाहीत, तेच म्हणतोय मी.

पल्लवी (२०१): वाणी काका, ३८ ही मर्यादा आहे, तिथपर्यंत बसायची सक्ती नाही. मी तीन वेळा बसले म्हणून बोलते. २०२४ ची पूर्व परीक्षा २५ ऑगस्टला होती. त्याच दिवशी बँकेची परीक्षा, शिवाय कृषी सेवेच्या २५८ जागा याच परीक्षेत घ्या म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर बसली. ऐन आठवड्यात पेपर पुढे गेला तो १ डिसेंबरला झाला. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, सगळं तीन महिने वाढलं. घरून पैसे मागताना जीभ जड होते काका. ज्यांनी नोकरी सोडलेली असते त्यांना तर हिशेबच लागत नाही.

पल्लवी (२०१): आणि नोकरी सांभाळून का नाही, तर आता मुख्य परीक्षा लेखी झाली आहे. आधीसारखे गोल काळे करायचे नाहीत. नऊ पेपर. त्यातले मराठी-इंग्रजी फक्त पास व्हायचे, उरलेल्या सात पेपरचे १,७५० मार्क, मुलाखतीचे २७५. एकेक पेपर तीन तास हाताने लिहायचा. परवा कुरडया उचलायला गेले तेव्हा भूषणची खोली पाहिली. टेबलावर भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलंय, समोर. सुतळीने बांधलेले उत्तरांचे गठ्ठे कमरेएवढे. सहा वर्षं कीबोर्ड बडवला, आता तासाभरात बोटं आखडतात म्हणाला. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडलाय. दिवसा त्या पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून रात्री बसतो. एवढंच.

महाजन सर (१०४): शाब्बास पल्लवी.

पाटील आप्पा (३०२): वाणी भाऊ, तुमची काळजी खोटी नाही. मलाही झोप लागत नव्हती. त्याने दीड वर्षाचा खर्च बाजूला टाकला, मगच राजीनामा दिला. दोन प्रयत्न, नाही झालं तर परत नोकरी, असं कागदावर लिहून सही करून दिलंय. तो कागद त्याच्या आईने देवघरात ठेवलाय. यंदा यावलला वाऱ्याने केळी आडवी झाली, तरी त्याने घरून एक रुपया घेतला नाही. म्हणून त्याच्या लाईटचे २३० रुपये मी भरणार. कोणी नाही म्हणू नका.

सोनवणे (४०३): पुन्हा सांगतो, रात्री तीनपर्यंत लाईट.

चौधरी काकू (२०१): सोनवणे भाऊ, झालं ना आता. सरांनी हिशेब दिला.

सोनवणे (४०३): नाही झालं. २०१९ मध्ये माझ्या विक्कीने हीच खोली मागितली होती. घरात आम्ही सहा माणसं, अभ्यासाला कोपरा नाही. तेव्हा कमिटी म्हणाली, तिथे पापड-कुरडया ठेवायच्या असतात, सामान असतं. पोरगं वर्षभर जिन्यात बसून वाचायचं. शेवटी सुरतला निघून गेलं. आज त्याच खोलीत टेबलही लागलं, पंखाही लागला. ठराव झाला म्हणता. तेव्हा ठराव का नाही झाला?

(बराच वेळ कोणाचाच मेसेज नाही.)

सचिव बोरसे (१०२): सोनवणे साहेब, त्यावेळची कमिटी वेगळी होती. मी नव्हतो.

सोनवणे (४०३): सामानाची यादी तुमच्याच हातची होती बोरसे साहेब. माझ्याकडे कागद आहे.

सचिव बोरसे (१०२): रविवारी समक्ष बोलू. इथे नको.

महाजन सर (१०४): मी त्या कमिटीत होतो. सही माझीपण आहे. सोनवणे, चुकलं आमचं. जिन्यात बसलेला विक्की मी रोज बघत होतो, ओलांडून जात होतो.

वाणी काका (२०४): विक्कीला फोन लावा हो कोणीतरी. पोरगं बरं आहे ना?

सोनवणे (४०३): बरा आहे. बारा तासांची ड्युटी आहे.

जिभाऊ (३०४): भो, मोटरला टायमर बसवून टाका. मी उद्या बाजारातून भाव काढतो.

चौधरी काकू (२०१): तोपर्यंत रात्रीची मोटर कोण बघणार?

भूषण (३०२): मी जागाच असतो काकू. मी बघतो. सोनवणे काका, विक्कीचं मला माहीत नव्हतं. माझ्या आधी त्याने खोली मागितली होती, हे कोणी सांगितलंच नाही.

भूषण (३०२), रात्री १:४८: टाकी भरली. मोटर बंद केली.

सोनवणे (४०३), सकाळी ७:०५: कॉमन मीटर, कालपासून २० युनिट. परवा २६ होते. नोंद असावी.