माव्रोकोर्दात घराणं: रयतेचे कैवारी की सुलतानाचे इजारदार?

पाणकळा:
फनारियोट राजवट म्हटलं की रोमानियाच्या इतिहासात एकच सूर लागतो. इस्तंबूलच्या फनार भागातले ग्रीक आले, सुलतानाला पैसे मोजून गादी घेतली आणि रयतेकडून ते वसूल केले. माव्रोकोर्दात घराण्याला सरसकट याच मापाने मोजणं मला अन्याय्य वाटतं. उस्मानी दरबारचा मुख्य दुभाषा अलेक्झांडर १६९९च्या कार्लोवित्झ तहाच्या वाटाघाटींत होता. त्याचा मुलगा निकोलस १७०९ मध्ये आजच्या रोमानिया परिसरातल्या मोल्डेव्हिया या सुलतानाच्या मांडलिक संस्थानाचा राजा झाला. नातू कॉन्स्टँटिनने १७४६ मध्ये शेजारच्या वालाकिया संस्थानात आणि १७४९ मध्ये मोल्डेव्हियात शेतकऱ्यांची भूदासता, म्हणजे मालकाच्या जमिनीला जखडलेपण, कायद्याने संपवली. तिथल्या बोयारांनी, म्हणजे जमीनदार सरदारांनी, पिढ्यानपिढ्या जे केलं नव्हतं ते याने केलं.

कोरडवाहू:
ठाम असहमती. करांच्या ओझ्याने शेतकरी गावं सोडून पळत होते, कर भरायला माणसं उरत नव्हती. त्यांना परत आणण्यासाठी ही मोकळीक होती. जमीन मिळालीच नाही, बोयाराच्या शेतावरची वेठ चालूच राहिली. रोमा (जिप्सी) गुलामांना तर काहीच मिळालं नाही, त्यांची सुटका व्हायला १८५५-५६ उजाडलं! शिवाय कॉन्स्टँटिन दहा वेळा गादीवर बसला, वालाकियात सहा आणि मोल्डेव्हियात चार. दर नेमणुकीला इस्तंबूलला पैसे जायचे, ते कोणाच्या घामाचे?

पाणकळा:
रोमांबद्दलचा मुद्दा मान्यच आहे, त्यावर बचाव नाही. पण हेतू तिजोरीचा होता म्हणून भूदासाला मिळालेली मोकळीक खोटी ठरते का? आता मालकाला जमिनीबरोबर माणूस विकता येत नव्हता. कर चार हप्त्यांत बांधून दिला, जिल्ह्यांवर पगारी अधिकारी नेमले.

कोरडवाहू:
आणि बोयारांना करमाफी दिली, तेही लिहा. म्हणजे भार पुन्हा शेतकऱ्यावरच.

माळरान:
दोघांनाही एक विचारतो. १८२१च्या उठावानंतर फनारियोट गेले, १८२२ पासून देशी राजे आले. तरी वेठ संपली ती दोन्ही संस्थानं एक झाल्यावरचा राजा कुझा याच्या १८६४च्या जमीन कायद्याने. मधली चाळीस वर्षं ती कोणी चालू ठेवली? ग्रीकांनी नाही. मला वाटतं, माव्रोकोर्दातांना परकं ठरवल्याने बोयार घराण्यांचा हिशेब कोणी मागितलाच नाही.

कोरडवाहू:
तो हिशेब जरूर मागा. त्याने कॉन्स्टँटिनचा हिशेब मिटत नाही.