अनुभव धागा : "मी फॉललो!" (दोन भाषांत वाढणारी आपली पिल्लं)

गोधडी :
काल माळा आवरताना बुटांचं एक खोकं हाती लागलं. आत चिंचोके, बाटल्यांची बुचं, बसची तिकिटं आणि पुठ्ठ्याची पाटी. एका बाजूला माझ्या अक्षरात 'दुकान', मागे लेकाने खडूने काढलेलं शॉपचं स्पेलिंग, त्यातला एस उलटा. तिथेच शिडीवर बसून राहिले.

लेक आता अकरावीत आहे. तेव्हा साडेतीनचा, नर्सरीत. पहिल्याच पालकसभेत टीचर म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर गोंधळेल. नवरा आणि मी इमानदारीत सुरू झालो. "ईट युवर पोळी, बाळा." सासूबाई कुकरआडून बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. आठवडाभरात आमचं बडबडं पोर गप्प झालं. मराठीत विचारलं तरी नुसती मान हलवायचा.

मग एक दिवस सासूबाईंनी जिन्याखाली दुकान मांडलं. दुकानदार तो. "शेठ, पावशेर चिंचोके द्या, भाव नीट लावा हं!" दोन दिवसांत शेठची गाडी रुळावर. पुढे नियमही त्यानेच काढला : पिशवी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मराठी बोलणार, पर्स घेऊन आलेलं इंग्रजी. एकदा सासूबाई चुकून माझी पर्स घेऊन गेल्या तर त्याने मालच देईना. शेवटी त्या म्हणाल्या, "टू किलो चिंचोके, अँड नो लबाडी!"

त्याच सुमारास जिन्यावरून घसरला आणि रडत आला, "आई, मी फॉललो!" तेव्हा मला धसका बसला होता की ना धड हे ना धड ते. आज वाटतं, अरे, शब्द नवा होता पण 'लो' बरोब्बर लागला होता की! पडलो, घसरलो, फॉललो. व्याकरण शाबूत होतं.

तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

मधली_सुट्टी :
नो लबाडी!! साष्टांग नमस्कार सांगा त्यांना.
आमचा चिरंजीव चार वर्षांचा होईपर्यंत "मी जाते, मी खाते" म्हणायचा. दिवसभर मी आणि आई, बाबा येईपर्यंत हा झोपलेला. सगळे हसायचे. बालवाडीतल्या ताईंनी एकदाही टोकलं नाही, फक्त उत्तरात "हो का, तू जातोस? कुठे जातोस?" असं म्हणत राहिल्या. कधी सुटलं कळलंच नाही. (कुकर झाला, नंतर येते)

बेळगावी_कुंदा :
दोन काय घेऊन बसलाय, आमच्याकडं तीन. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश. लेक जेवताना 'साकु' म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये पुरे. आजीला वाईट वाटायचं, घरात मराठी बोल की गं म्हणायची. एकदा पोरीनंच खुलासा केला : 'पुरे' म्हटलं की आजी अजून अर्धी पोळी वाढते, 'साकु' म्हटलं की थांबते.

चाफेकळी :
@बेळगावी_कुंदा, कुंदा पाठवा. बाकी बोलणं नंतर.

श्टुटगार्टची_सून :
इथे लेक तीनची झाल्यावर किटात (इथली बालवाडी) घातली. जर्मन शून्य. तीन महिने तिथे तोंड उघडलं नाही, आणि घरी आली की बाहुल्यांना ओळीत बसवून खास जर्मन दरडावणी! म्हणजे कान चालू होते, दुकान बंद होतं. मी घाबरून चार वर्षांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं की घरी जर्मन बोलू का? त्या म्हणाल्या, तुम्हाला सहज येते ती भाषा बोला, गोष्टी सांगा, गाणी म्हणा, जर्मन आम्ही बघतो. किटातल्या बायांनीही तेच सांगितलं. वर मलाच एकदा सकाळच्या गोलात मराठी बडबडगीत म्हणायला बसवलं. वीस जर्मन पोरं हातावर मोर बसवतायत!
११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची कंदील मिरवणूक असते, मुलं स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गात जातात. त्या वर्षी आमच्या बाल्कनीतला दिवाळीचा कंदील अजून उतरवायचा होता. ही सगळ्यांना सांगत होती, आमच्या घरी मोठ्ठा आहे, त्याला आकाशकंदील म्हणतात. तिची मैत्रीण अजूनही 'आकास्कांडील' म्हणते.

टपालपेटी :
माझी आत्या डहाणूकडे बालवाडीत शिकवायची. तिथे मुलांच्या घरी वारली बोली, शाळेत मराठी, म्हणजे आपली मराठी त्या पोरांची 'इंग्रजी'च की! नवीन होती तेव्हा ती पुस्तकी मराठीत चित्रं दाखवायची आणि मुलं दाराबाहेर बघत बसायची. मग तिने वस्तूंची नावं त्यांनाच विचारायला सुरुवात केली. बाई चुकीचं म्हणाल्या की वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि बाईंना शिकवता शिकवता स्वतः मराठी बोलायला लागायचा.
त्या भागात ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९५७ पासून कोसबाडला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळासुद्धा. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं. गोधडी, तुमच्या सासूबाईंचे चिंचोके त्याच घराण्यातले!

नाना_नाशिककर :
सगळं गोड आहे, पण एक कडू घोट. माझा भाचा अडीच वर्षांचा झाला तरी पाचसहा शब्दच. आई मराठी, वडील तमिळ. ज्याने त्याने सांगितलं, दोन भाषांमुळे उशीर होतो, एक बंद करा. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बहिणीने बिचारीने मराठी बंद केली, अंगाईसुद्धा. सहा महिने गेले. मग दुसरीकडे कान तपासले तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं. उपचार झाले, पोरगं आता दोन्ही भाषांत भांडतं. उशीर वाटला तर आधी कान तपासा हो. भाषा कसली बंद करता?

गोधडी :
@नाना, अंगाईसुद्धा? वाचवेना. बहिणीला सांगा, तिची काही चूक नव्हती. आम्हीही ऐकलंच होतं की टीचरचं.

मधली_सुट्टी :
आले परत. खेळण्यावरून आठवलं, पावसाळ्यात कणकेचा गोळा द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण वाटीभर पाणी लागेल तसं, चमचाभर तेल, हळद. लेक साप करतो आणि सापाशी इंग्रजीत बोलतो. का, तर सापाला मराठी येत नाही म्हणे.

चाफेकळी :
नागपंचमीला काय करतो मग तो साप?

सुपारी_फुटली :
घरात कुत्रा असेल तर तो गोळा वर ठेवा. इतकं मीठ त्यांना बाधतं. आमच्या मोत्याने सुसर खाल्ली होती, रात्री धावपळ.
विषयाला धरून : आम्ही फोंड्याचे. घरी कोंकणी, बालवाडीत मराठी. पहिल्या दिवशी बाईंनी खाऊ दिला, मी "म्हाका नाका" (मला नको) म्हटलं. बाई पुण्याच्या, त्यांनी माझं नाक तपासलं.

बेळगावी_कुंदा :
नाक तपासलं!!! हसून हसून चहा सांडला.

आजोबा_२ :
माझा नातू अस्खलित मराठी बोलतो, पण वाचत नाही. त्याला रोज एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावतो, 'डब्यात लाडू आहे' अशी. लाडू असला की वाचता येतं. दुसरी वेलांटी अजून अडते.

श्टुटगार्टची_सून :
आजोबा, ही आजच रात्री करते. लाडू कसले पण? इथे नाचणी मिळते, डिंक नाही.

आजोबा_२ :
डिंक नसला तरी चालतो. नाचणीचं पीठ तुपात मंद भाजा, घाई नको. पीठ गार झालं की मग गूळ.

गोधडी :
लेकाला खोकं दाखवलं. पाटी बघून लाजला आणि विचारतोय, चिंचोके भाजून खायचे का?

टपालपेटी :
बारा-तेरा वर्षांचे?? भुंगा लागला असेल. मंडईत ताजे मिळतील.