विषय: गावच्या तलावासाठी कयाक – कोणाचं ऐकावं?

टोरंटो (सध्या मुक्काम गावी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

नमस्कार मंडळी,

पाच आठवड्यांच्या रजेवर गावी आलोय. धान कापून झालं, मंडईचे (गावजत्रांचे) दिवस आहेत, आणि मला तुमचा सल्ला हवा आहे.

माझा धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. दर हिवाळ्यात तो गावच्या तलावावरचे पक्षी मोजतो. काठाला बेशरमाच्या झुडपांची इतकी दाटी झालीय की निम्मा तलाव दिसतच नाही. त्याला एक कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेऊन द्यायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. आठवीतली पुतणीही चालवेल म्हणते. (हा नवेगाव बांधचा मोठा तलाव नव्हे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय असलं काही करता येत नाही. आमचा तो कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांपैकी एक.)

चार रात्री अभिप्राय वाचतोय. एक म्हणतो लांब आणि अरुंद घ्या, दुसरा म्हणतो हवा भरायचीच घ्या, तिसरा म्हणतो हवेची म्हणजे पैसे पाण्यात. डोकं भणभणलंय. कोणी स्वतः चालवणारं असेल तर कृपया लिहा.

*

ह्यूस्टन

अरे, इतका विचार कशाला करतोस? मी स्वतः चालवत नाही, पण मुलासाठी बघत होतो तेव्हा हवा भरायच्या एका कयाकला साडेचारच्या वर तारे होते आणि अभिप्राय ढीगभर. इतकी माणसं एकदम चुकत नाहीत. घडी करून पिशवीत मावते, गावी न्यायला सोपी. लिंक वेगळी पाठवतो.

*

टोरंटो

ह्यूस्टनच्या काकांचा हेतू चांगला आहे, पण मला थोडं थांबवावंसं वाटतं. मीही टोरंटोचीच, गेली नऊ वर्षं उन्हाळ्यात इथल्या तळ्यांवर नवशिक्यांना कयाक शिकवते. दुकानात जाण्याआधी मी प्रत्येकाला तेच प्रश्न विचारते, ते तुलाही विचारते. बसणाऱ्याचं वजन किती? पाण्यापर्यंत ती कशी न्यायची, कोण उचलणार? उन्हाळ्यात ठेवायची कुठे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस पाण्यात पडला तर परत वर कसा चढणार?

तारे देणाऱ्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नसतं. बहुतेक अभिप्राय खोकं उघडल्याच्या आठवड्यातले असतात. तू दोन उन्हाळे वापरून लिहिणारे शोध, आणि दोन-तीन तारेवाले आधी वाच. ‘शिवण उसवली’, ‘झडप गळते’ हे तिथेच सापडतं.

माझं मत: पॉलिइथिलीनची (कडक प्लास्टिकची), वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. लांबी 10 फुटांच्या आसपास, रुंदी 30 ते 32 इंच. आत बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि नवशिक्याला ती तलावाच्या मध्यावर रिकामी करता येत नाही. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी भोकांतून निघून जातं आणि पोटावर झोकून परत चढता येतं. क्षमतेचा आकडा लेबलवर असतो, त्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ नका. भाऊ 82 किलोचा आणि दुर्बीण, पाणी, पिशवी मिळून 8 किलो धरले, तर लेबलवर किमान 135 हवेत.

हवा भरायची तुझ्याकडे मला नको वाटते. तुमच्या उन्हात आतली हवा फुगते, थोडी सोडली नाही तर शिवणीवर ताण येतो. आणि काठावर बाभळीचे काटे. कडक प्लास्टिकलाही ऊन सोसत नाही. मे महिन्यात टिनाखाली नको, झाडाखाली किंवा पडवीत उपडी ठेवा, खाली दोन ठिकाणी रुंद आधार देऊन. दोरीने करकचून बांधली तर तळाला खळगे पडतात.

वारा आडवा येतो म्हणून शेपटीला खाली माशाच्या परासारखा पाखा असलेली घेतली तर सरळ जाते. लाइफ जॅकेट दोघांना वेगवेगळं, छातीच्या मापाचं. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर माप चुकलं.

*

टोरंटो (मुक्काम गावी)

ताई, मनापासून आभार. तुमचं पत्र भावाला वाचून दाखवलं. त्याने एकच विचारलं, ‘मामांना दाखवलं का?’

मामा म्हणजे आमच्या वाड्यामागचे ढिवर मामा. सत्तरी ओलांडलेली, पण आजही बांबूने डोंगा ढकलत जाळं टाकतात. आमच्या तलावात मासेमारीचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे, म्हणजे विचारायचं त्यांनाच होतं. काल सकाळी पारावर बसून मोबाइलवर तुम्ही सांगितल्यासारख्या दोन कयाकचे फोटो दाखवले. त्यांनी रंग पाहिला नाही, खुर्ची पाहिली नाही. फोटो बोटाने मोठा केला आणि तळाकडे बोट दाखवलं.

‘हे खाली काय लोंबते?’

मी पाख्याचं काम सांगितलं. ते म्हणाले, ‘शिंगाड्याच्या वेलात हे फसन. बाबू, मंग तू मंधातच बसशीन.’ मग डोंग्यात घालून घेऊन गेले. दाखवलं. तलावाच्या पूर्वेला शिंगाड्याची पानं पाण्यावर पसरलेली. त्यांनी बांबू आत घालून फिरवला आणि वर काढला तर वेलाचा भारा गुंडाळून आला, त्यात काळी पडलेली फळं. दोन्ही टोकांना काटे, नखासारखे. एक माझ्या तळहाताला लागलं, अजून दुखतंय. हवेची कयाक इथे किती टिकली असती कोण जाणे.

मग त्यांनी बांबू सरळ खाली रोवला. पाणी छातीएवढं होतं, पण बांबू आणखी हातभर आत गेला. ‘खाली गारा हाय. पडला तं उभं राहाचं नाई, धरून राहाचं.’ गारा म्हणजे चिखल. तेव्हा बुडायला खोल पाणीच लागतं असं नाही, हे मी इतकी वर्षं या तलावाकाठी वाढूनही मनात घेतलं नव्हतं.

आणखी एक. सारस दिसले तर लांबून पाहा, घरट्याच्या बाजूला डोंगाही न्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. भाऊ तर हे पाळतोच.

आता सांगा, पाख्याशिवाय चालेल का?

*

टोरंटो

चालेल, आणि मामांचंच बरोबर आहे. मी मोकळ्या पाण्याचा विचार करून लिहिलं होतं. इथे आम्ही शिकवतो त्या तळ्यांत अशी वेल नाही, म्हणून पाख्याचा तोटा माझ्या ध्यानात आला नाही. तुम्ही तळाला मधोमध ओतीव कड असलेली बघा. कड तळाचाच भाग असते, पाख्यासारखी लोंबत नाही, त्यामुळे वेल तितकी अडकत नाही आणि बऱ्यापैकी सरळही जाते. वल्हं 230 सेंटिमीटर.

गाऱ्याचं ऐकून एक विनंती करते. पहिल्या दिवशी मामांचा डोंगा शेजारी ठेवून मुद्दाम उलटा, आणि दोघांनीही पाय तळाला न लावता वर चढून दाखवायचं. भावाला तीनदा, पुतणीला जमेपर्यंत. ते जमल्याशिवाय दुर्बीण न्यायची नाही.

पुतणीची उंची आणि वजन कळव, जॅकेटचं माप सांगते.

*

टोरंटो (मुक्काम गावी)

उंची 4 फूट 11 इंच, वजन 41 किलो. मामा रविवारी मोकळे आहेत. तोवर कयाक आली नाही तर डोंग्यावरूनच चढायचा सराव करू, म्हणतात.