बर्फाळ भागातल्या रस्त्यांच्या देखभालीचा पैसा कुठून येतो?

सात_रस्ता
पुण्याला जाताना आपण टोल भरतो, पेट्रोलवर उपकर भरतो, त्यातून इथला रस्ता सांभाळला जातो हे कळतं. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, लडाखला. तो सांगतो, कारगिल–पदुमच्या बाजूला गाड्या मोजक्या, वस्ती तुरळक, आणि हिवाळा सरला की रस्ता जागोजागी उखडलेला. मग तिथला खर्च कोण करतं? आणि दरवर्षी पैसा लावूनही तीच गत का होते? त्या कामावर कुणी असेल तर सविस्तर सांगा.

बार्शी_लाईट
मुख्यतः केंद्र सरकार. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पेट्रोल-डिझेलवरचा उपकर रस्त्यांसाठी बाजूला काढायची सोय झाली. २०१८ पासून त्याच निधीत इतर पायाभूत कामंही धरली जातात. म्हणजे सोलापुरात टाकी भरणाऱ्याचाही त्यात वाटा आहेच, आणि तो असावाच.

जुना_ओव्हरसियर
मी ग्रेफमध्ये, म्हणजे सीमा रस्ते संघटनेच्या रस्ते बांधणाऱ्या दलात होतो, आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात असतो. भावाचं निरीक्षण बरोबर आहे.

आधी पैसा. सीमेकडचे बरेच रस्ते सीमा रस्ते संघटनेकडे, म्हणजे बीआरओकडे असतात. १९६० साली ती सुरू झाली आणि २०१५ पासून पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाखाली आहे. राष्ट्रीय महामार्गाचा पैसा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, काम बीआरओनं केलं तरीही. गावांकडे जाणारे आतले रस्ते लडाख प्रशासनाचे. टोलवर हे भागणं शक्यच नाही. आपल्या ताब्यातला लडाख साधारण ५९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या जवळजवळ चौपट. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २.७४ लाख, आपल्या जिल्ह्याची ४३ लाखांवर. वाहनं मोजून निधी द्यायचा ठरवलं तर तिथं कधीच काही पोचणार नाही. पण त्याच रस्त्यानं आजारी माणूस दवाखान्यात येतो आणि हिवाळ्याचा शिधाही येतो.

आता उखडतो का ते. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. डांबराच्या भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. खालची माती बारीक असेल तर तिच्यात बर्फाचे थर धरतात आणि रस्ता वर उचलला जातो. वसंतात वरचा थर आधी वितळतो, खालचा अजून गोठलेला, त्यामुळे पाण्याला वाट नसते. तेवढ्यात जड गाडी गेली की खडी सुटी. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, रस्त्याचं तेच होतं. पण आपल्याकडे हे वर्षातून एकदा, तिथं ऋतू पालटताना जवळजवळ रोज. म्हणून खिंडींमध्ये डांबराऐवजी काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक बसवतात. हलले तर काढून तेच परत बसवता येतात.

आणि माझ्या मते मूळ दुखणं रकमेपेक्षा तारखांचं आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मंजुरी आणि निविदा होईपर्यंत जून-जुलै उजाडतो. उंचावर डांबराचं काम सप्टेंबर संपता संपता थांबवावं लागतं, कारण थंडीत थर दबतच नाही. हातात उरतात दोन-तीन महिने. आपल्याकडे पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत काम चालतं, त्यामुळे ३१ मार्च आपल्याला एवढा नडत नाही. तिथं ती तारीख बर्फात येते.

होटगी_रोड
मी सरकारी लेखा विभागात आहे. खर्च न झालेला निधी मार्चअखेर परत करावा लागतो, आणि पुढच्या वर्षी 'यांना गरज नव्हती' म्हणून तरतूद कमी होते. मग यावर उपाय काय?

जुना_ओव्हरसियर
देखभालीची कंत्राटं वर्षावर्षाची न काढता पाच-सात वर्षांची काढावीत, आणि रस्ता किती दिवस चालू व सुस्थितीत राहिला त्यावर बिल द्यावं. निविदा हिवाळ्यात उरकाव्यात, म्हणजे मे महिन्यात खडी आणि डांबर जागेवर असेल. आणि पहिला पैसा गटारं व मोऱ्यांवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटांवर लावावा. मोरी तुंबली तर वर कितीही चांगलं डांबर टाका, ते टिकत नाही. उद्घाटन नव्या रस्त्याचं होतं, मोरी साफ केल्याचं कुणी करत नाही, पण रस्ता त्याच मोरीवर टिकतो.

बार्शी_लाईट
पंतप्रधान ग्रामसडक योजनेत हे थोडं आहे. सपाटीवर ५०० लोकवस्तीच्या ठिकाणाला रस्ता, डोंगराळ भागात २५० च्याच, आणि पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच. त्यानंतरचा भार मात्र स्थानिक सरकारवर. अमेरिकेतल्या अलास्का राज्यातही असंच चित्र दिसतं. तिथला डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटर, बराचसा खडीचा. नवं बांधायला किंवा मोठी दुरुस्ती करायला वॉशिंग्टनचा, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा पैसा येतो, पण बर्फ काढणं आणि रोजची डागडुजी राज्याला स्वतःच्या खिशातून करावी लागते.

जुना_ओव्हरसियर
होय, आणि बर्फ काढायचा खर्च वाढत चाललाय. काश्मीरमधून लडाखला जाणाऱ्या रस्त्यावरची झोजिला खिंड पूर्वी पाच-सहा महिने बंद असायची, आता महिन्याभरातच उघडायचा प्रयत्न असतो. चांगलंच आहे. पण गाड्या जास्त दिवस चालल्या की वितळत्या रस्त्यावर झीजही जास्त. तेवढी तरतूद त्याच हिशोबात धरायला हवी. झारखंडच्या दुमका भागातून येणारे मजूर त्या उंचीवर हातानं खडी पसरतात. त्यांचं राहणं, गरम कपडे, दवापाणी हाही देखभालीचाच खर्च आहे, वेगळी मेहरबानी नाही.

सात_रस्ता
मनापासून आभार. भावाला हे पाठवतो. त्याच्या चौकीजवळच्या मोरीचं विचारायला सांगतो, ती शेवटची कधी साफ झाली ते.

जुना_ओव्हरसियर
विचारा. आणि सप्टेंबरच्या आत साफ करून घ्यायला सांगा.