फिकट रंगाच्या लेदर सोफ्याची घरगुती निगा : आपले अनुभव लिहावेत

आमच्याकडे सहा वर्षांपासून हस्तिदंती रंगाचा लेदरचा सोफा आहे. मळखाऊ रंग घेतला नाही म्हणून पुष्कळांनी नावे ठेवली, तरी मला तो आजही तितकाच आवडतो. डाग, पिवळेपणा आणि ओशटपणा यांवर आपण घरी काय केले, त्यातले काय साधले आणि काय अंगाशी आले, हे सविस्तर लिहावे ही विनंती. सुरुवात माझ्या चुकीपासून करते. पहिली दोन वर्षे मी बाळाच्या ओल्या टिश्यूंनी सोफा रोज पुसत असे. हात टेकण्याच्या जागा हळूहळू चिकट लागू लागल्या आणि एके दिवशी पांढऱ्या फडक्यावर सोफ्याचाच रंग उतरलेला दिसला. मळ काढता काढता मी वरचा संरक्षक लेपच काढत होते.

*

काहीही लावण्यापूर्वी आपले लेदर कोणत्या जातीचे आहे ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. सोफ्याच्या मागच्या बाजूला, सहसा दिसणार नाही अशा ठिकाणी, साध्या पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर लेदरवर रंगाचा लेप आहे, म्हणजे ते पिगमेंटेड आहे. आत मुरून तिथे गडद ठिपका उमटला तर ते ॲनिलीन, म्हणजे वर रंगाचा लेप नसलेले, किंवा त्याच्यासारखे उघड्या रंध्रांचे आहे. आमच्याकडे दोन खुर्च्या दिसायला अगदी सारख्या, पण एकीवर थेंब राहिला आणि दुसरीत मुरला. तेव्हापासून दोघींची निगा वेगळी ठेवतो.

*

जीन्सचा निळा रंग हे आमचे मोठे दुखणे होते. नव्या जीन्समधली नीळ कापडाला घट्ट धरून राहत नाही आणि घर्षणाने, घामाने फिकट लेदरवर उतरते. मी लेदरसाठीच्या सौम्य क्लीनरचा फेस स्पंजवर काढून घेतला; सोफ्यावर थेट काही ओतले नाही. मऊ ब्रशने, जोर न लावता, वितीएवढा भाग गोलाकार घासला आणि फेस सुकण्याआधीच पांढऱ्या मायक्रोफायबरने टिपून घेतला. फडके निळे होत गेले तसतसे मी त्याची घडी बदलत राहिले, नाहीतर तोच रंग पुन्हा सोफ्यावर बसला असता. आठवडाभरापूर्वीचा डाग जवळजवळ पूर्ण निघाला, परंतु वर्षभर दुर्लक्षिलेल्या कोपऱ्यात निळसर झाक राहिली ती राहिलीच, कारण रंग लेपाच्या आत शिरला होता. फडके मुद्दाम पांढरेच घ्यावे. रंगीत फडक्याचा रंगही लागू शकतो.

*

बॉलपेनच्या रेघेवर मी स्पिरिट चोळले. शाई गेली, पण तिच्याबरोबर लेपही गेला आणि रुपयाएवढी निस्तेज, खरखरीत जागा उरली. डाग पुसणाऱ्या पांढऱ्या स्पंजबद्दलही हेच सांगावेसे वाटते: तो मुळात बारीक पॉलिश पेपरसारखे काम करतो.

*

माझे लेदर ॲनिलीनचे, त्यामुळे तेलाचा डाग पडताच पाण्याला हात न लावता मी त्यावर मक्याचे पीठ पसरले, रात्रभर ठेवले आणि सकाळी अलगद झटकले. दोनदा केल्यावर डाग फिका झाला. डोके टेकण्याच्या जागी मात्र केसांचे तेल वर्षानुवर्षे मुरलेले आहे. ते घरी निघत नाही, हे मी आता स्वीकारले आहे. त्या जागी सुती आच्छादन घालतो, ते नियमितपणे धुतो.

*

कंडिशनिंगविषयी, म्हणजे लेदर कोरडे पडू नये म्हणून त्याला क्रीम वगैरे लावण्याविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण मीही स्वयंपाकघरातले ऑलिव्ह तेल लावून पाहिले होते. दोन दिवस सोफा सुरेख दिसला. पुढे रंग डागाडागांनी गडद झाला आणि काही महिन्यांनी खवट वास येऊ लागला. खाद्यतेल हवेने बिघडते, आणि ते आत गेले की बाहेर काढता येत नाही. आता सहा महिन्यांतून एकदा, आधी स्वच्छ करून आणि पूर्ण सुकू देऊन, पाण्यावर आधारित रंगहीन क्रीमचा अगदी पातळ हात देतो आणि थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून घेतो. पिगमेंटेड लेदरमध्ये क्रीम फारसे मुरत नाही, त्यामुळे जास्तीचे क्रीम वर राहते आणि त्यावर धूळ बसते. मला त्याहून मोठा गुण सोफा खिडकीपासून दूर सरकवल्याने आला. उन्हाने लेदर कोरडे पडते, रंगही बदलतो, आणि ते नुकसान कोणतेही क्रीम भरून काढत नाही.

*

सर्वांचे मनापासून आभार. वाचून लगेच सोफ्याच्या मागे थेंब टाकून पाहिला. तिथे तो टपोरा उभा राहिला, पण टिश्यूंनी झिजलेल्या, हात टेकण्याच्या जागी टाकलेला थेंब मिनिटभरात पसरून गडद झाला. म्हणजे तेवढ्या जागी लेप उरलेला नाही. तिथे आता क्रीम किंवा क्लीनर लावण्याऐवजी रंगाचा लेप पुन्हा चढवून देणाऱ्या कारागिराला दाखवणार आहे. बाकी सोफा फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसते आहे.